हानलेचं तांबडं आकाश आणि लेहची ती खिडकी

लडाखमध्ये चीन सीमेजवळच्या हानले गावी जाऊन ध्रुवीय प्रकाश (ऑरोरा) टिपायचा असेल, तर कॅमेऱ्याच्या आधी तिथे जायच्या परवान्याचा कागद हातात घ्या. माझा सगळा जीव तिथेच टांगणीला लागला होता.

९ मे २०२४ ला अमेरिकेच्या नोआने (हवामान आणि महासागर पाहणारी सरकारी संस्था) जी-४ दर्जाच्या, म्हणजे पाचपैकी चौथ्या पायरीच्या, भूचुंबकीय वादळाचा इशारा दिला, २००५ नंतर पहिल्यांदाच. सूर्याकडून येणाऱ्या अशा वादळातच ध्रुवीय प्रकाश आपल्या अक्षांशावरून दिसू शकतो. मी लेहमध्येच होतो, विरळ हवेची सवय करत. हानले तिथून अडीचशे किलोमीटरच्या वर, म्हणजे १० तारखेला सकाळीच निघायला हवं होतं. आणि परवान्याच्या खिडकीतून फॉर्म परत आला. आधारवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव. एजंटने भरलेल्या फॉर्मवर वडिलांचं नावच नाही. ‘नाम मॅच नहीं हो रहा.’ नवा फॉर्म भरला, तर साहेब बैठकीला गेलेले. ते आले तेव्हा वीज गेलेली, प्रिंटर बंद. घरून फोन आला, अक्षय्य तृतीया, आमरस केलाय. मला धड बोलताही येईना. अशी रात्र वीस-वीस वर्षांत येत नाही आणि इथे एका सहीसाठी ताटकळायचं, याचा राग अजून गेलेला नाही. दुपारी कागद मिळाला. नाव आधारवर आहे तसंच, अक्षरन् अक्षर भरा. झेरॉक्स चार-पाच ठेवा, नाक्यांवर एकेक काढून घेतात.

पोहोचलो तेव्हा गुडुप अंधार. अमावास्या नुकतीच होऊन गेलेली. मध्यरात्रीनंतर उत्तरेला, डोंगरांच्या काळ्या कडेवर, डोळ्यांना जेमतेम जाणवेल असा फिकट उजेड होता. पंधरा सेकंदांचं एक्स्पोजर घेतलं आणि स्क्रीनवर अख्खं क्षितिज कुंकवासारखं लाल! दोन-तीनशे किलोमीटर उंचीवरच्या ऑक्सिजनचा हा ६३० नॅनोमीटरचा प्रकाश. खालचा हिरवा भाग आपल्या अक्षांशावरून क्षितिजाआड राहतो. म्हणून डोळ्यांवर विसंबू नका, उत्तरेकडे फ्रेम घेत राहा. वाइड लेन्स, एफ २.८, आयएसओ ३२००, फोकस ताऱ्यावर हाताने लावून रिंगला चिकटपट्टी.

बॅटऱ्या आतल्या खिशात ठेवा, थंडीने झटकन उतरतात. टॉर्च लाल उजेडाचाच हवा. आणि लेहला निदान दोन दिवस थांबल्याशिवाय वर जाऊ नका, हानले चार हजार मीटरच्याही वर आहे. वादळाचा इशारा आल्यावर मुंबईहून निघालात तर ते जमणार नाही.