वाकेनच्या वाटेवर
युरोपातला उन्हाळा म्हणजे आपला ऐन पावसाळा. त्यामुळे जर्मनीतील वाकेन या गावी 1990 पासून भरणाऱ्या हेवी मेटल संगीताच्या महोत्सवासाठी आमच्या बँडची सारी तालीम पुण्यात, पत्र्यावर कोसळणाऱ्या सरींखालीच झाली. मंचावर आम्हाला जेमतेम 20 मिनिटे मिळणार होती आणि त्यासाठी महिनाभर रोज तीन तास तीच चार गाणी आम्ही मेट्रोनोम या लय मोजणाऱ्या यंत्राच्या ठोक्यावर घोटली. ही घोटाई मला मैफलीइतकीच प्रिय आहे. दमट हवेने गिटारचा नेक, म्हणजे लांब दांडा, किंचित वाकला होता, तारा फ्रेटपासून, म्हणजे दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांपासून, उचलल्या गेल्या होत्या. हॅम्बुर्गहून उत्तरेकडे निघताना मी ट्रस रॉड, म्हणजे नेक सरळ ठेवणारी आतली धातूची सळई, पाव फेरा आवळला आणि तारा पुन्हा सुरात लावल्या. खिडकीबाहेर सपाट कुरणे व पवनचक्क्या मागे पडत असताना माझी बोटे मांडीवर दुसऱ्या गाण्यातला अवघड तुकडा वाजवीतच होती.