लाईट नव्हती, तरी फ्रिजला करंट होता

चतुर्थीला चार दिवस होते. मी वायरमन. कोकणात आचऱ्याजवळच्या एका वाडीतून फोन आला, "शेजारी लाईट आहे, आमच्याच घरात नाही. फ्यूज बघितला, शाबूत आहे." बोलणारा काकींचा मुलगा, आदल्या रात्रीच मुंबईहून आलेला.

मी पोचलो तेव्हा तो मखरासाठी जागा करायला फ्रिज सरकवण्याच्या तयारीत होता. लाईटच नाही म्हटल्यावर भीती कसली, असं त्याला वाटलं. पायात रबरी स्लिपर होती, हे नशीब. दारात भिजलेल्या छत्र्या, जमीन ओली. काकी मागून म्हणाल्या, "अरे, दोन दिवस फ्रिजाक हात लावलंय की करंट मारता रे!" ते ऐकलं आणि मी त्याला तिथेच थांबवलं.

टेस्टर फ्रिजच्या हँडलला लावला. पेटला. सॉकेटच्या दोन्ही भोकांत घातला, दोन्हीकडे पेटला. एका भोकात फेज, म्हणजे करंट आणणारी तार असते, तिथे पेटणारच. न्यूट्रलच्या, म्हणजे करंट परत नेणाऱ्या तारेच्या भोकातही पेटला, म्हणजे न्यूट्रल मागे कुठेतरी तुटलाय आणि चालू राहिलेल्या बल्बातून फेज उलटा येऊन उभा राहिलाय. मी आधी मेन स्विच पाडला.

घर जुनं, पट्टी फिटिंगचं. लोखंडी मेन स्विचमध्ये दोन किटकॅट फ्यूज, एक फेजवर, एक न्यूट्रलवर. पूर्वी सर्रास असंच बसवायचे. मुलाने फेजचा तेवढा बघितला होता. न्यूट्रलची तार खाऱ्या हवेने हिरवी पडून मधेच तुटलेली. दोघांतून करंट सारखाच जातो, जी तार आधी सडली ती आधी गेली. म्हणून न्यूट्रलवर फ्यूज कधीच नको. तो उडाला की घर मेल्यासारखं दिसतं, पण फेज जिवंत असतो.

तरी फ्रिजच्या पत्र्यावर करंट आला कसा? सॉकेट उघडलं आणि पोटात गोळाच आला. अर्थच्या पिनला अर्थिंगची वायर नव्हतीच. न्यूट्रलच्या पिनपासून अर्थच्या पिनपर्यंत बोटभर लांबीचा काळा वायरचा तुकडा लावलेला, वरचं रबर कडक होऊन तडकलेलं. अर्थिंग नसलं की काहीजण ही पळवाट काढतात. न्यूट्रल धड असेपर्यंत काही कळत नाही. तो तुटला की त्याच तुकड्यातून २३० व्होल्ट थेट पत्र्यावर. न्यूट्रल करंट परत न्यायला असतो. अर्थची वायर एरवी रिकामी असायला हवी, बिघाड झाला तरच तिने काम करायचं. घरात या दोघींची गाठ मारायची नसते. आमच्या धंद्यातल्या माणसाने हे केलं याची मला आजही लाज वाटते.

तुकडा काढला. न्यूट्रल फ्यूजशिवाय सरळ लिंकवर, म्हणजे धातूच्या पट्टीवर घेतला. न्हाणीचं पाणी पडतं तिथे खणून अर्थिंगसाठी अडीच मीटरचा जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाईप, मीठ-कोळसा घातला. खाली जांभा, पहारीने हात भरून आले. अर्थ टेस्टरवर जमिनीच्या अडथळ्याचा आकडा आला २३ ओहम, तोही भर पावसाळ्यात. वैशाखात कातळ सुकला की तो वर चढतो. मुलाला हिशोब करून दाखवला: २३० भागिले २३, म्हणजे पत्र्यावर फेज आला तर १० अँपिअर वाहणार. सोळा अँपिअरचा एमसीबी, म्हणजे जादा करंटला आपोआप पडणारा स्विच, त्याने पडत नाही. म्हणून नुसत्या खड्ड्यावर न थांबता ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवला. जाणाऱ्या आणि परत येणाऱ्या करंटात तेवढा फरक पडला की हा स्विच पडतो.

मेन चालू केला, मुलाने मिक्सर लावला आणि आरसीसीबी लगेच पडला. मला बरंच वाटलं. मिक्सरचं सॉकेट खोललं, तिथेही तसाच काळा तुकडा, शिवाय त्या पिनला अर्थची वायरही जोडलेली. न्यूट्रलमधून परत यायचा करंट फुटून अर्थमध्ये जात होता, तो फरक त्याने पकडला. मग सगळीच सॉकेटं खोलली. तिसरा तुकडा पंपाच्या बोर्डात निघाला.

संध्याकाळी सगळं लागलं. आरसीसीबीचं टेस्टचं बटण काकींना दाबून दाखवलं, खट्‌ करून घर अंधारलं, परत उचललं. "महिन्यातून एकदा असं करा," म्हटलं. काकींनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून चष्मा लावला.

"दर संकष्टीक दाबतलंय," त्या म्हणाल्या, आणि पेनाने खूण केली.