व्हॅनचा रिकॉल: शोरूमच्या फोनची वाट पाहू नका

जुलै २०२३ मध्ये मारुती सुझुकीने एस-प्रेसो आणि ईको मिळून ८७,५९९ गाड्या सदोष भाग तपासून बदलण्यासाठी परत बोलावल्या, म्हणजे रिकॉल केल्या. कारण होतं स्टिअरिंगच्या टाय रॉडमधला, म्हणजे चाक वळवणाऱ्या दांड्यामधला एक भाग. क्वचित प्रसंगी तो तुटू शकतो आणि गाडी हवी तशी वळणार नाही, असं कंपनीनंच जाहीर केलं. ५ जुलै २०२१ ते १५ फेब्रुवारी २०२३ या काळात बनलेल्या गाड्या यात होत्या. आपल्याकडे नागपुरात ईको व्हॅन सकाळी शाळेची मुलं नेते आणि दुपारी इतवारीतून किराणा उचलते. त्यातली एखादी अजूनही जुन्याच टाय रॉडवर रिंग रोडला धावत असेल, या विचारानं चैन पडत नाही. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

धंद्याच्या गाड्यांचा रिकॉल हुकतो तो मालक बदलल्यामुळे. कंपनीला चेसिस नंबरावरून गाडी कळते, पण फोन जातो तो शोरूमच्या नोंदीत असलेल्या माणसाला, म्हणजे बहुतेक वेळा पहिल्या मालकाला. तुम्ही फॉर्म २९ आणि ३० भरून गाडी नावावर करून घेतली, आरसीही आली, तरी शोरूमच्या संगणकातलं नाव आणि मोबाइल नंबर आपोआप बदलत नाही. वॉरंटी संपली की व्हॅन ओळखीच्या मिस्त्रीकडे जायला लागते आणि शोरूमशी संबंध तुटतो. फिटनेस सर्टिफिकेटवरही विसंबून राहू नका. त्या तपासणीत ब्रेक, दिवे, धूर बघतात. तुमच्या चेसिस नंबरावर रिकॉलचं काम बाकी आहे का, हे त्यातून कळत नाही.

गाडी यादीत आहे का हे पाहायला आरसीवरच्या दोन गोष्टी लागतात: चेसिस नंबर आणि उत्पादनाचा महिना. इथे हमखास घोळ होतो. रिकॉलची मुदत गाडी बनल्याच्या तारखेवर असते, पासिंगच्या (आरटीओत नोंदणीच्या) तारखेवर नाही. जानेवारी २०२३ मध्ये बनलेली आणि एप्रिलमध्ये एमएच ४९ मध्ये पासिंग झालेली ईको या टाय रॉडच्या काळातच मोडते. ‘माझी गाडी एप्रिलची, मला लागू नाही’ असं म्हणून मालक मोकळा होतो आणि काम राहून जातं.

चेसिस नंबर सतरा अक्षर-अंकांचा असतो. मारुतीचा ‘एमए३’नं, टाटाचा ‘एमएटी’नं, महिंद्राचा ‘एमए१’नं सुरू होतो. त्यात इंग्रजी ओ, आय आणि क्यू ही अक्षरं वापरतच नाहीत. ओसारखं दिसलं तर ते शून्य समजा, आयसारखं दिसलं तर एक. मोबाइलवर नुसता गाडी नंबर टाकून माहिती काढली तर चेसिसचे काही आकडे झाकलेले दिसू शकतात. मूळ आरसी, डिजिलॉकरमधली आरसी किंवा विम्याची पॉलिसी हाताशी ठेवा. मारुतीच्या संकेतस्थळावर हा नंबर टाकून पाहता येतो. दुसऱ्या कंपनीच्या गाडीसाठी अधिकृत वर्कशॉपला फोन करून ‘या चेसिसवर काही कॅम्पेन (रिकॉलचं काम) बाकी आहे का’ असं थेट विचारा. फोन लावलाच आहे तर त्याच वेळी नोंदीतलं नाव आणि मोबाइल नंबरही बदलून घ्या. पुढचा रिकॉल आला तर फोन तुम्हालाच येईल.

सगळे रिकॉल सारख्या घाईचे नसतात. नोव्हेंबर २०२० मध्ये ४०,४५३ ईको बोलावल्या होत्या त्या हेडलॅम्पवर प्रमाणचिन्ह नव्हतं म्हणून. एप्रिल २०२२ मध्ये १९,७३१ ईकोंच्या चाकाच्या रिमवर मापाची खूण चुकली होती. ही कामं सर्व्हिसिंगच्या दिवशी उरकली तरी चालतात. २०२१ मध्ये महिंद्राच्या २९,८७८ पिकअपमध्ये फ्लुइड पाइपच्या जोडणीबद्दल शंका होती, आणि २०२२ मध्ये मारुतीच्या ५,००२ सुपर कॅरी छोट्या ट्रकमध्ये चालकाशेजारच्या सीट बेल्टच्या ब्रॅकेटचा बोल्ट नीट आवळला आहे का ते तपासायचं होतं. हे बोल्टचं काम टॉर्क पान्यानं (ठरावीक जोरानं आवळणाऱ्या पान्यानं) काही मिनिटांत होतं, पण धडक झाली तर हेल्परचा जीव त्याच बोल्टवर असतो. माझा साधा नियम असा: स्टिअरिंग, ब्रेक, इंधनाची लाइन, वायरिंग आणि बेल्ट यांतलं काहीही असेल तर दुसरं भाडं घेण्याआधी वर्कशॉपला फोन. टाय रॉडचं असेल तर मुलं बसवणं त्या दिवसापासून बंद.

टाय रॉडबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण इथे मिस्त्री आणि मालक दोघंही फसतात. स्टिअरिंगच्या रॅकपासून पुढच्या दोन्ही चाकांपर्यंत एकेक दांडा जातो. तो तुटला की एक चाक तुमच्या हातात राहत नाही. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं तरी ते चाक खड्डा नेईल तिकडे जातं. नेहमीची तपासणी अशी: गाडी सपाट जागी, मागच्या चाकांना अडण्या, पुढचं चाक जॅकवर. घड्याळातल्या ३ आणि ९ च्या जागी चाक धरून हलवा. तिथे खेळ जाणवला आणि १२-६ ला धरल्यावर नसेल, तर संशय टाय रॉडवर किंवा त्याच्या एण्डवर, म्हणजे टोकाच्या सांध्यावर. १२-६ ला खेळ असेल तर बेअरिंग किंवा खालचा बॉल जॉइंट पाहा. पण ही तपासणी झिजलेला भाग पकडते. भाग बनतानाच कच्चा राहिला असेल तर तो शेवटपर्यंत घट्ट लागतो आणि एकदम तुटतो. त्यामुळे ‘हलवून बघितलं, काही खेळ नाही’ हे रिकॉल टाळण्याचं कारण होऊ शकत नाही. नवा रॉड बसवल्यावर टो, म्हणजे पुढच्या चाकांची आत-बाहेर वळलेली दिशा, बदलतो, म्हणून अलाइनमेंट करून घ्यावीच लागते. ती केली नाही तर पुढचे टायर काठाला झिजतात आणि दोष नव्या भागावर जातो.

वर्कशॉपला जाण्याआधी भाग शिल्लक आहे का ते विचारून वेळ घ्या. नुसतंच गेलात तर ‘पार्ट मागवावा लागेल’ ऐकून परत याल आणि दिवसाचं भाडं बुडेल. जॉब कार्डवर रिकॉलचं काम वेगळ्या ओळीत लिहून घ्या, शेवटच्या बिलात त्यापुढे शून्य रक्कम आणि नव्या भागाचा नंबर हवा. वॉरंटी संपली आहे किंवा सर्व्हिसिंग बाहेर केली आहे, म्हणून जाहीर झालेल्या रिकॉलच्या कामाचे पैसे मागितले तर देऊ नका. मॅनेजरशी बोला, तिथेही जमलं नाही तर कंपनीच्या ग्राहक सेवेकडे लेखी तक्रार करा. मात्र तुम्ही नंतर बसवलेला गॅस किट, स्प्रिंगची जास्तीची पाटी किंवा बॉडीवाल्यानं टाकलेल्या सीटा यांच्यातला बिघाड या रिकॉलमध्ये येत नाही.

शाळेच्या व्हॅनवाल्यांना यासाठी उन्हाळ्याची सुटी उत्तम. विदर्भातल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात, त्यामुळे त्याआधी गाडी दोन दिवस उभी राहिली तरी नुकसान नाही. संत्र्याच्या हंगामात कळमन्याला फेऱ्या मारणाऱ्यांनी आंबिया बहाराची गडबड सुरू व्हायच्या आत, दिवाळीपूर्वीच काम उरकावं.

आणि दोष दिसतोय, पण कंपनीनं रिकॉलच काढलेला नाही, तेव्हा? २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम ११०अ आलं. त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत. सात वर्षांच्या आतल्या गाडीच्या मालकाला परिवहन खात्याच्या वाहन पोर्टलवर रिकॉलच्या पानावर तक्रार करता येते. एकाच मॉडेलच्या तक्रारी ठरलेल्या संख्येपर्यंत पोचल्या की सरकार चौकशी करून सक्तीचा रिकॉल काढू शकतं आणि १० लाखांपासून १ कोटीपर्यंत दंड लावू शकतं. कंपनीनं स्वतःहून कळवलं तर हा दंड लागत नाही. संख्येवर सगळं ठरतं म्हणून तुमच्या तीन व्हॅनमध्ये एकच बिघाड आला असेल तर तीन वेगळ्या तक्रारी करा, वाडीतल्या दुसऱ्या ट्रान्सपोर्टवाल्यालाही करायला सांगा.

तक्रारीत ‘गाडी खराब आहे’ लिहून भागत नाही. किती किलोमीटरला बिघाड आला, गाडीत किती माल होता, वेग किती होता, आवाज किंवा वास आला का, हे लिहा. तुटलेल्या भागाचा फोटो, त्यावरचा नंबर वाचता येईल असा, जोडा. आणि तो भाग भंगारवाल्याला देऊ नका; तक्रारीचा निकाल लागेपर्यंत गाडी नंबराची चिठ्ठी बांधून ठेवा.