पगार महिन्याचा, घर वर्षाचं

दोन दिवस गच्चीवर गहू वाळत घातलाय. सकाळी साडेआठला पसरवायचा, संध्याकाळी गोळा करायचा, मधे मधे जाऊन हात फिरवायचा आणि कबुतरं हाकलायची. आमच्या बिल्डिंगमधे अजून तिघीजणी घालतात, बाकीच्यांचं महिन्याला आटा पॅकेट येतं. परवा जिन्यात एकीने विचारलं, एवढा उन्हात जीव कशाला काढतेस गं, सगळं तर मिळतं दुकानात. तेव्हा घाईत होते, हसून वर निघून गेले, पण उत्तर मनात घोळत राहिलं म्हणून आज लिहायला बसले. जरा लांबेल.

आमचं घर एका पगारावर चालतं. हे नाशिकला अंबड एमआयडीसीत एका कंपनीत आहेत, ७ तारखेला हातात २५,८०० येतात. मी आधी एका दुकानात हिशोबाचं काम करायचे, सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला तेव्हा सोडलं. घरात पाच माणसं, भाडं ७,०००. सिडकोत राहणाऱ्यांना अंदाज येईल की यात कुठे काही वेगळं नाहीये, अशी शेकडो घरं आहेत इथे.

सुरुवातीला मी पण सगळे करतात तेच केलं, म्हणजे महिन्याचं बजेट. वहीत रेघा मारल्या, किराणा इतका, दूध इतकं, पेट्रोल इतकं. आणि खरं सांगते, महिना जमायचा. ओढाताण व्हायची पण जमायचा. तरी वर्षाच्या शेवटी आम्ही कर्जातच. मला कळायचंच नाही की गळती कुठे आहे, मी तर शंभर रुपयाची पण नोंद ठेवतेय.

मग तो जून आला. दोन्ही मुलांच्या शाळा सुरू झाल्या, त्याच आठवड्यात गाडीचा इन्शुरन्स संपला आणि सासूबाई पुन्हा चार दिवस ॲडमिट. माझ्या बांगड्या गहाण ठेवून २०,००० आणले, शेकडा दोनने. शेकडा दोन ऐकायला किती कमी वाटतं ना, पण ते महिन्याचं असतं, वर्षाचं चोवीस टक्के. महिन्याला ४०० नुसतं व्याज. अकरा महिने लागले सोडवायला, म्हणजे ४,४०० रुपये असेच गेले. तेवढ्यात दोघांचे युनिफॉर्म, दप्तरं, बूट सगळं आलं असतं. त्या अकरा महिन्यात माहेरी गेले की पदर हातावरून घ्यायचे, आईला दिसू नये म्हणून.

आईला दिसलंच. ती काही बोलली नाही, रात्री फक्त विचारलं, शाळा दरवर्षी जूनमधेच सुरू होते ना गं?

या एका प्रश्नाने माझं डोकं उघडलं. माझं माहेर चांदवड तालुक्यात, घरी कांदा. लहानपणी आमच्याकडे पैसा महिन्याला यायचाच नाही, आला तर वर्षातून दोनदा. आप्पा ट्रॅक्टरमधे कांदा घेऊन लासलगावला जायचे, भाव मिळाला तर मिळाला, आणि आले की आई त्याच रात्री पैसे वाटून ठेवायची. जुन्या साडीचे तुकडे, एकेका तुकड्याची एकेक पुरचुंडी. एक बियाणं-खताची, एक सोसायटीच्या पीककर्जाची कारण मार्च एंडच्या आत ते भरायचंच, एक आमच्या शाळेची, एक लग्नकार्याच्या आहेरांची, एक दवाखान्याची. मग जे राहिलं त्यात घर. सोसायटीच्या पुरचुंडीला तर आप्पासुद्धा हात लावायचे नाहीत. शाळेत फारशी न गेलेली बाई हे करत होती, आणि मी बीकॉम, मला महिन्याच्या पुढचं दिसत नव्हतं. पगार महिन्याला येतो म्हणून आपल्याला वाटतं खर्चही महिन्याचेच असतात, पण घर महिन्यावर चालत नाही, वर्षावर चालतं.

मग यांना बसवलं समोर आणि आम्ही दोघांनी मिळून मागच्या वर्षीचे असे खर्च आठवून लिहिले जे दर महिन्याला येत नाहीत पण दरवर्षी येतातच. शाळा ९,०००. गहू तांदूळ डाळी भरायला ११,०००. मसाला, मिरची २,५००. दिवाळी ७,०००. गाडीचा इन्शुरन्स आणि सर्व्हिसिंग ३,४००. लग्नं, बारशी, गावची जत्रा ४,०००. पावसाळ्यातले ताप-खोकले ३,०००. आणि आमच्या दोघांचे सरकारी विमे, जीवन ज्योतीचे ४३६ आणि सुरक्षा विम्याचे २० प्रत्येकी, म्हणजे ९१२. बेरीज आली ४०,८१२. भागिले बारा, ३,४०१. हे त्या आकड्याकडे बघतच राहिले. महिन्याला ३,४०० रुपयाचा खर्च आमच्या बजेटमधे लिहिलेलाच नव्हता, आणि मी शोधत होते की गळती कुठे आहे.

आता ७ तारखेला पगार आला की त्याच दिवशी ३,४०० दुसऱ्या खात्यात जातात. त्या खात्याचं एटीएम कार्ड घेतलंच नाही, मोबाईलवर पण जोडलं नाही. पोस्टातली आरडी १,००० ची वेगळी, ती पाच वर्षांची असते, तिला हात लावायचा नाही. आधी मी भिशीत होते, पण एका भिशीत एकीने आपला नंबर उचलल्यावर पैसे भरणं बंद केलं आणि बाकीच्यांचे अडकले, त्यात माझे ५,०००. तेव्हापासून पोस्टच बरं.

सुरू कसं करायचं हा खरा प्रश्न आहे, ते कुणी सांगत नाही. कारण वर्षाचं खातं सुरू करताना रिकामं असतं आणि खर्च काही थांबत नाहीत. आम्ही दिवाळीचा बोनस जसाच्या तसा त्यात टाकला, १४,०००. त्या वर्षी कपडे फक्त मुलांना घेतले, फराळ केला पण निम्मा. धाकट्याला आकाशकंदील हवा होता, तो यांनी घरीच केला त्याच्यासोबत बसून. त्या १४,००० वर जूनपर्यंत निभावलं आणि पुढच्या वर्षापासून खातं आपलं आपण चालायला लागलं. ज्यांना बोनस नाही त्यांनी निदान एकच खर्च धरावा, शाळेचा, ९,००० म्हणजे महिन्याला ७५०, आणि तेवढाच बाजूला टाकावा पहिल्या वर्षी.

तर त्या गव्हाचं. वर्षाचं धान्य भरणं परवडतं ते याच खात्यामुळे, नाहीतर एप्रिलमधे एकदम ११,००० आणायचे कुठून. दीड क्विंटल गहू भावाकडून गावाहून येतो, त्याला पण मी बाजारभावाने पैसे देते, माहेर म्हणून फुकट घेत नाही. इंद्रायणी तांदूळ घोटीहून, तूरडाळ वीस किलो, बाकी थोडी हरभरा डाळ आणि मूग. गहू कडक उन्हात दोन-तीन दिवस तापवायचा, रात्रभर गार होऊ द्यायचा आणि मगच कोठीत भरायचा, गरम भरला तर आत वाफ धरते आणि किडा लागतो. मधे सुकवलेला कडुलिंबाचा पाला. डाळींना एरंडेल तेलाचा हात. एवढं घरात असलं की महिन्याचा किराणा ३,२०० मधे बसतो, तेल साखर चहा शेंगदाणे साबण यातच. आणि महिन्याचे शेवटचे चार दिवस हातात पैसे नसले तरी डब्यात पीठ आहे, डाळ आहे, ती जी शांतता असते ना पोटात, ती पैशात मोजता येत नाही मला.

कांद्याचं पण सांगते कारण नाशिकमधे राहून लोक किलो-किलोने कांदा घेतात याचं मला वाईट वाटतं. साठवायचा तर उन्हाळ कांदाच, एप्रिल-मे मधला, चांगला पत्ती सुकलेला. लाल कांदा टिकत नाही, तो घेऊन ठेवला की पंधरा दिवसात सडायला लागतो आणि मग म्हणायचं कांदा घरात टिकत नाही. मी आणि शेजारच्या काकू मिळून एक गोणी घेतो. गोणीत ठेवायचा नाही, गॅलरीत सावलीला, खाली फळ्या टाकून पसरवायचा, वारं लागलं पाहिजे, बटाटे त्याच्या शेजारी ठेवायचे नाहीत आणि दर रविवारी हात फिरवून मऊ पडलेला, कोंब आलेला आधी वापरायचा. दिवाळीच्या आसपास भाव चढतो तेव्हा माझ्या गॅलरीत थोडातरी कांदा असतो.

भाजी बुधवारी गोदाघाटावरच्या बाजारातून, बाकी पवननगरच्या मार्केटमधून. तिथे मी एक पाळते, शेतकरी स्वतः विकायला बसला असेल तर भाव करत नाही. मेथीची जुडी पाच रुपयाला देतोय त्याच्याकडे अजून एक रुपया कमी कर म्हणून हट्ट करणाऱ्या बायका बघितल्या की मला आप्पा दिसतात. पैसे वाचवायच्या बाकी शंभर जागा आहेत. जे स्वस्त असेल ते त्या आठवड्याचं, बस. कोथिंबीर उतरली की वड्या, टोमॅटो उतरला की सार आणि चटणी, आणि सगळंच महागलं की हुलग्याचे शेंगोळे. लसूण भरपूर घालून पातळसर रस्सा ठेवायचा, भाजी लागतच नाही, आणि पोरं भांडून खातात.

लाईट बिलात मला एक गोष्ट उशिरा कळली. पहिल्या १०० युनिटचा दर वेगळा आणि १०१ पासूनच्या युनिटचा दर दुपटीच्या आसपास. म्हणजे वाचवायचं ते शंभरच्या वरचं युनिट. दोन किलोवॅटचा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट गेलं, महिन्याला तीस. आता सगळ्यांच्या आंघोळी सलग होतात, एकदा तापवलं की बंद, आणि मार्च ते मे गिझरचं बटण दाबायचंच नाही.

सासूबाईंची औषधं हा मोठा फरक. बीपीच्या आणि रक्त पातळ करायच्या गोळ्यांचं महिन्याचं बिल साडेअकराशे यायचं. डॉक्टरांनाच विचारलं की सरकारी जनऔषधी दुकानातून घेतल्या तर चालतील का, त्यांनी घटकाचं नाव लिहून दिलं, आता चारशेच्या आसपास होतात. स्वतःच्या मनाने नका बदलू पण विचारायला लाजू पण नका, मी वर्षभर लाजले.

मुलं अनुदानित मराठी शाळेत आहेत, आठवीपर्यंत पुस्तकं शाळेतूनच फुकट मिळतात. नातेवाईक बोलतात इंग्लिश मिडियममधे का नाही घातलं म्हणून. थोरलीला वर्गातले सगळे धडे समजतात आणि ती घरी येऊन आजीला वाचून दाखवते, मला याहून जास्त काय हवंय.

एक खर्च मात्र आम्ही मुद्दाम ठेवलाय. महिन्यातून एका रविवारी सगळे मिळून मिसळ खायला जायचं, सासूबाईंसाठी पार्सल. चारशे रुपये, वहीत त्याची वेगळी ओळ आहे. पहिल्या वर्षी मी ते पण बंद केलं होतं आणि घर इतकं गप्प झालं होतं की शेवटी सासूबाईच म्हणाल्या, पोरांना घेऊन जा बाहेर. सगळं बंद करून वाचवलेला पैसा टिकत नाही, कुठूनतरी चिडून बाहेर पडतो.

आणि मी घरी का बसते, हे पण लोक विचारतात. मी हिशोब केलाय त्याचा. मला आता जी नोकरी मिळते ती ९,००० ची. सासूबाईंजवळ दिवसभर बाई ठेवायची तर ६,०००, माझं येणं-जाणं १,०००, आणि हे धान्य निवडणं, वाळवणं, बाजार सगळं सुटलं की किराणा-भाजी किमान दीड हजाराने वाढणार. राहिले पाचशे. सासूबाई जरा हिंडत्या फिरत्या झाल्या की हा हिशोब बदलेल आणि तेव्हा मी जाईनच नोकरीला. आत्ता मी घरी आहे ती या आकड्यामुळे.

वही आता थोरली पण बघते. आधी मला वाटायचं मुलांना पैशाचं काही कळू देऊ नये, पण न सांगता त्यांना कळतंच, फक्त अर्धवट कळतं आणि मग ती घाबरतात. बांगड्या गेल्या तेव्हा तिने सहलीची चिठ्ठी मला दाखवलीच नव्हती, दप्तरात सापडली नंतर. त्या दिवशी मी खूप रडले आणि तेव्हाच ठरवलं की वही सगळ्यांसमोर उघडी.

काल रात्री गहू गोळा करून आल्यावर ती वही घेऊन माझ्याजवळ बसली. तिला सायकल हवीये, पुढच्या वर्षी हायस्कूल लांब पडणार, व्हॅनपेक्षा सायकल बरी असं तिचं म्हणणं. दुकानात विचारून आली होती, साडेपाच हजार. मी काही बोलायच्या आत तिनेच बाराने भागलं आणि म्हणाली, आई, ४६० येतात गं, महिन्याच्या शिल्लक तेराशेतून निघतील का? आम्ही दोघींनी पुन्हा सगळ्या ओळी वाचल्या, पेट्रोल, दूध, रिचार्ज. निघतात. मग वर्षाच्या पानावर, पावसाळ्याच्या दवाखान्याखाली, तिच्या अक्षरात नवीन ओळ लिहिली, सायकल, ५,५००, पुढचा एप्रिल.