गौताळा: बेडूक दिसला, उदमांजराची फक्त विष्ठा

गौताळा अभयारण्यात लोक ऑगस्टमध्ये जातात, धबधब्यांसाठी. आम्ही मृगाचा पहिला दणका बसताच निघालो, कारण बुलफ्रॉग या बेडकाच्या नराचा विणीतला पिवळा रंग कुणासाठी थांबत नाही. छत्रपती संभाजीनगरहून कन्नड सुमारे ६० किलोमीटर, पुढे हिवरखेड्याचा रस्ता.

बेडूक शोधावे लागलेच नाहीत. गावाबाहेरच्या शेतात पाणी तुंबलेलं, त्यात हळदीसारखे पिवळे नर, गळ्याशी दोन निळ्या पिशव्या फुगवून बसलेले. डराव-डरावपुढे एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. बांधावरचे काका म्हणाले, "दोन-चार दिसांनी या, समदे मातीच्या रंगाचे झालेले दिसतील." खरंच आहे, हा थाट विणीपुरताच.

याच बेडकाचे पाय एकेकाळी भारतातून परदेशी जात. १९८७ साली ती निर्यात बंद झाली. धोक्यातल्या प्रजातींच्या आजच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत तो संकटग्रस्त नाही. अतिसंकटग्रस्त म्हणतात तो आंबोलीचा टोड, हा वेगळाच बेडूक, सिंधुदुर्गातला, त्याला इथे शोधू नका. तरी मला काळजी बुलफ्रॉगचीच वाटते. ऐन विणीच्या रात्री तो स्वतःचा पत्ता ओरडून सांगतो. पकडणाऱ्याला बॅटरी आणि पोतं पुरतं.

उदमांजर नेमकं उलटं. तेही यादीत संकटग्रस्त नाही, पण एकटं, रात्रीचं, आवाज न करणारं. पाठीवर काळ्या रेघा, तोंडावर काळा मुखवटा, वजन दोन ते पाच किलो. आम्हाला ते दिसलं नाही. सकाळी वाटाड्याने एका सपाट खडकावर विष्ठा दाखवली, जांभळाच्या बियांनी गच्च भरलेली. पिकलेलं फळ खायचं आणि बी दूर नेऊन टाकायचं, जंगलाची पेरणी अशीही होते. खरं सांगायचं तर त्या खडकापाशी आम्ही बेडकांपेक्षा जास्त रेंगाळलो.

जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा: अभयारण्यात रात्री फिरायला मनाई आहे, त्यामुळे बेडूक बाहेरच्या शेतातच पाहा, तेही मालकाला विचारून. गमबूट हवेतच, बेडकांमागे साप येतात. डासांचं मलम लावलेल्या हाताने बेडकाला शिवू नका, त्याची कातडी सगळं शोषून घेते. पावसानंतर गाडी अगदी हळू चालवा, अर्धे बेडूक रस्त्यावरच असतात. पेट्रोल कन्नडलाच भरा. दुपार मोकळी असेल तर पितळखोऱ्याची लेणी करा. पायऱ्या निसरड्या असतात.