पारोळ्याच्या नानांचा जुना शेफिल्ड चाकू : हाडाची मूठ बसली, आता फिनिशिंग

मागच्या वेळी सगळा खोलून ठेवला होता, तिथून पुढचं लिहितो. ज्यांनी आधीचं वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, चाकू इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या जोसेफ रॉजर्स या जुन्या चाकू कंपनीचा आहे, एका पात्याचा घडीचा, पात्याच्या बुडाशी तारा आणि क्रॉसची खूण अजून वाचता येते (ही खूण शेफिल्डच्या कटलर्स कंपनीकडे, म्हणजे तिथल्या चाकू बनवणाऱ्यांच्या संघाकडे, 1682 मध्ये नोंदलेली आहे). पातं घासून घासून बारीक झालेलं, एका बाजूची मूठ फुटलेली, दुसरी हलत होती. नाना कापूसवाले शेतकरी, चाकू त्यांच्या वडिलांचा, देताना एकच म्हणाले, "हाऊ मना बापना चाकू शे भो, पातं बदलू नको." बदलणार नव्हतोच.

जुनी मूठ सांबरशिंगाची होती. शेफिल्डवाले हे शिंग आपल्या हिंदुस्थानातूनच न्यायचे, म्हणजे शिंग इथून गेलं आणि चाकू होऊन परत आलं, मला हे फार भारी वाटतं. पण आता 1972 च्या वन्यजीव कायद्यामुळे सांबरशिंगाचा व्यापार बंद आहे, त्यामुळे तो विषयच नाही, कोणी गुपचूप देतो म्हटलं तरी घेऊ नका. मी म्हशीच्या नळीच्या हाडाचे स्लॅब मागवले, यूपीतल्या संभलजवळ सराय तरीनला हाड-शिंगाचं काम पिढ्यान् पिढ्या चालतं, तिथला माल. तेल नीट काढलेलं, पांढरं स्वच्छ, जाडी साडेतीन-चार मिमी.

आल्या आल्या कापायला घेतले नाहीत. आपल्याकडे मे महिन्यात पारा 44-45 ला जातो, हवा एकदम कोरडी, त्यात बाहेरून आलेलं हाड आकसतं आणि थोडं वाकतंही, मग मूठ बसवल्यावर रिव्हेटपाशी (मूठ धरून ठेवणाऱ्या ठोकलेल्या पिनेपाशी) तडा ठरलेला. म्हणून स्लॅब आधी घरातच सावलीत पडू दिले, उन्हात अजिबात नाही, वाकायचे तेवढे वाकले की मगच मागची बाजू काचेवर पॉलिश पेपर चिकटवून सपाट केली. हे केलं नाही तर मुठीच्या आतल्या पितळेच्या पट्टीवर हाड टेकतच नाही, मधे पोकळी राहते आणि हातोडी मारली की तिथेच फुटतं.

पात्याचा गंज रॉकेल आणि बारीक स्टील वूलने काढला. व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवायचा सल्ला बरेच जण देतात पण जुन्या कार्बन स्टीलवर मला ते पटत नाही, गंजाबरोबर खालचं लोखंडही खाल्लं जातं आणि खूण पुसट होते. ग्राइंडर तर लांबच ठेवा, पातं निळं पडलं की पाणी (पोलादाचा कडकपणा) उतरलं समजा, मग कितीही धार लावा टिकत नाही. खुणेच्या भोवती बोटानेच घासलं, काळपट डाग राहिलेत ते राहू दिले, वयाचे आहेत.

कमान, म्हणजे पात्याला जागेवर धरणारी पाठीची स्प्रिंग, मूळचीच आहे आणि जोर अजून मस्त. तीन जागी बघायचं असतं, पातं बंद असताना, अर्धं उघडं असताना आणि पूर्ण उघडल्यावर, तिन्ही वेळा कमानीची पाठ पट्ट्यांशी लेव्हल हवी. बंद असताना किंचित वर येत होती, पात्याचं बूड जिथे कमानीला टेकतं तिथे पितळेच्या सुट्या तुकड्याने दाबून बघितलं तर जुना गंज आणि मळ घट्ट बसलेला, तो काढला आणि प्रश्न मिटला, कानस लावायची गरजच पडली नाही. आता उघडताना तो टक् आवाज येतो ना, नानांना फोनवर ऐकवला.

आता मूळ मुद्दा, रिव्हेट. भोकं दीड मिमीची, हाडात ड्रिल एकदम कमी स्पीडवर, मधे मधे बाहेर काढून भुगा झटकत, पाण्याचा थेंब टाकत, नाहीतर जळका वास येतो आणि हाड ठिसूळ होतं. मास्क लावाच, हाडाची धूळ फुफ्फुसात गेली तर चांगली नाही, मी तर पॉलिश पेपरही पाणी लावूनच वापरतो. भोकाच्या बाहेरच्या तोंडाला किंचित घमेल्यासारखा उतार दिला. पितळेची तार आधी लालसर तापवून पाण्यात टाकली म्हणजे मऊ होते (पितळ असं मऊ पडतं, पोलादासारखं कडक नाही होत). मग दोन्ही बाजूंना पाऊण मिमी बाहेर ठेवून गोल तोंडाच्या हातोडीने हलके हलके ठोके, चाकू फिरवत, एकदा या बाजूने एकदा त्या बाजूने. रिव्हेट पसरून त्या उतारात बसलं पाहिजे, हाडाला दाबून धरलं पाहिजे पण ताणता कामा नये. पात्याच्या मुख्य पिनला (जिच्यावर पातं फिरतं) ठोकताना पातं आणि पट्टीच्या मधे पातळ कागद घातला, नंतर ओढून काढला, नाहीतर पातं जाम होतं. हाडाखाली अराल्डाइटचा पातळ थर दिलाय, पण सकाळी सहाच्या आत, दुपारच्या उष्णतेत ते भराभर घट्ट होतं आणि सरकवायला वेळच मिळत नाही.

रंगासाठी विहिरीत टाकतात ते पोटॅशियम परमँगनेट पाण्यात विरघळवून ब्रशने लावलं. आधी जांभळं दिसतं, घाबरू नका, सुकत जातं तसं तपकिरी होतं. हात लावला तर नखं आठवडाभर तपकिरी, हातमोजे घाला. मी वरचे उंचवटे परत घासून फिकट केले, खाचांमधे गडद राहिलं, सांबरशिंगाची आठवण येईल इतपतच, नक्कल करायची नव्हती.

राहिलंय काय, रिव्हेटची डोकी हाडाबरोबर लेव्हल करणं, मेण लावून पॉलिश, आणि धार. धार प्रत्येक बाजूला साधारण 20 अंशात लावायचा विचार आहे कारण नाना याने सुतळी, ठिबकची नळी, पेरू, सगळंच कापणार. मुठीचे जुने तुकडे डबीत घालून चाकूबरोबर परत देणार आहे. कोणी हाडाला मेणाऐवजी जवसाचं तेल लावलंय का? ते पिवळं पडतं की नाही आणि आपल्या उन्हाळ्यात चिकट राहतं का, ते सांगा, त्यावर पुढचा हात ठरवतो.