मंडळाची नगरधन सहल

डिसेंबरातला दुसरा रविवार नगरधनच्या किल्ल्याचा, हे मंडळात न सांगताच ठरलेलं असायचं. थंडी आणि आंबिया बहाराची संत्री दोन्ही तेव्हाच मिळतात. सकाळी साडेसहाला नागपूरहून बस निघायची, कामठी, कन्हान करत रामटेकच्या दिशेनं सुमारे ४० किलोमीटर.

चाळीस जणांना साडेतीन किलो पोहे आणि तर्रीसाठी दीड किलो हरभरा, रात्रीच भिजत घातलेला. पोहे घरूनच भिजवून नेले की पोचेपर्यंत त्यांचा गोळा होतो, म्हणून कोरडेच न्यायचे. शेगडी मात्र किल्ल्यापासून लांब लावायची. तटावर मोहोळ असेल, तर धूर आणि अत्तर दोन्ही महागात पडतात.

"पोट्टेहो, आत पळू नका, आधी बाहेरून पाहा!" ही हाक दरवर्षीची, आणि ती बरोबरच होती. नगरधन भुईकोट, म्हणजे सपाट जमिनीवरचा किल्ला आहे. डोंगराचा आडोसा नाही, म्हणून सगळी भिस्त तटबुरुजांवर. बुरूज तटाबाहेर का काढतात, हे बाहेर उभं राहिल्यावरच कळतं: तिथून तटाच्या पायथ्याशी भिडलेला शत्रू बाजूनं टिपता येतो. मग दरवाजा, मग आतला कोट आणि वाड्यांचे अवशेष. चुन्याच्या सांध्यात पिंपळ रुजला की मूळ जाड होत जातं, फटीत पाणी शिरतं आणि दगड सुटतो. रोपटं वरून उपटून काही होत नाही, मूळ आतच राहतं. शिवाय संरक्षित वास्तू, आपण हात लावायचाच नाही.

इतिहासाचा घोळ इथंच व्हायचा. वाकाटक या प्राचीन राजघराण्याची राजधानी नंदिवर्धन म्हणजे हेच नगरधन मानतात. २०१५ ते २०१८ च्या उत्खननात वाकाटक राणी प्रभावतीगुप्तेची मातीची मुद्रा सापडली. पण समोरचा तट काही तिच्या काळातला नाही. किल्ल्याचं आजचं रूप नागपूरकर भोसल्यांच्या काळातलं मानलं जातं. मधे हजाराहून जास्त वर्षं गेली. हे तटावर चढण्याआधीच सांगितलेलं बरं, वर गेल्यावर सगळे फोटोत गुंतलेले.

बावडी, म्हणजे पायऱ्यांची विहीर, आणि तिथलं भुयारातलं देवीचं मंदिर शेवटी. उन्हातून एकदम उतरलं की पायरी दिसत नाही. मिनिटभर थांबायचं, आठ-दहा जणांनीच जायचं, हातात टॉर्च.

परतीला रामटेकही उरकण्याचा हट्ट कुणीतरी धरायचंच. मग तिथलं टेकडीवरचं गडमंदिर अंधारात आणि जेवण थंड. रामटेकला वेगळा रविवार द्यावा.